जुनी सदनिका घेताना : आधी पाहणी, मग करार

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली त्या काळी घर म्हणजे स्वतःच्या देखरेखीखाली उभी राहणारी वास्तू होती. आज मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक किंवा नागपूरमध्ये घर म्हणजे बहुधा दुसऱ्याने बांधलेल्या इमारतीतील सदनिका असते, आणि ती अनेकदा आधी कोणीतरी राहून गेलेली असते. अशा घरासाठी आयुष्यभराची शिल्लक आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्जाचे हप्ते पणाला लागतात. तरीही एखादी सदनिका अर्ध्या तासात पाहून पसंत केली जाते, त्याच संध्याकाळी दलालाच्या कार्यालयात ‘टोकन’ दिले जाते आणि करारनामा मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही करतानाच प्रथम हाती पडतो. ओल, तडे, थकबाकी, अनधिकृत बांधकाम या गोष्टी पुढे एकेक करून उघड होतात, आणि तेव्हा ‘कायदा आपल्या बाजूने असेलच’ असे खरेदीदार गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत बरोबर आहे, ते आधी पाहू.

कायदा काय सांगतो?

स्थावर मालमत्तेच्या विक्रीतील दोन्ही पक्षांचे हक्क आणि जबाबदाऱ्या मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मधील कलम ५५ मध्ये दिलेल्या आहेत. मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल आणि तो विक्रेत्याला ठाऊक असेल, तर त्याने तो खरेदीदाराला सांगितलाच पाहिजे, असे हे कलम म्हणते. दोष दडवणे हे कपट मानले जाते. मात्र या जबाबदारीला एक मर्यादा आहे. खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही कळू शकला नसता, असाच दोष सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर असते. भिंतीवर दिसणारी ओल, छताचे गळून पडलेले प्लॅस्टर किंवा बंदिस्त केलेली गॅलरी खरेदीदाराने पाहिली नाही, तर ‘मला सांगितले नाही’ ही तक्रार टिकणे अवघड जाते.

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १९ चा अपवादही याच धर्तीचा आहे. समोरच्याने मौन बाळगून कपट केले, तरी सर्वसाधारण दक्षता घेऊन सत्य शोधण्याचे साधन आपल्या हाती असेल, तर त्या कारणावरून करार रद्द करून घेता येत नाही.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कलम ५५ मधील तरतुदी ‘विरुद्ध करार नसेल तर’ लागू होतात. म्हणजे करारनाम्यात ‘खरेदीदाराने मिळकतीची पूर्ण पाहणी केली असून ती आहे त्या स्थितीत स्वीकारली आहे’ असे वाक्य असेल आणि त्याखाली आपण सही केली, तर कायद्याने दिलेले संरक्षणही आपण आपल्या हाताने कमी करून घेतो. छापील मसुद्यांत हे वाक्य सर्रास आढळते. म्हणूनच पाहणी आणि करार ही दोन स्वतंत्र कामे नाहीत. पाहणीत जे आढळले ते करारात उतरले पाहिजे, आणि जे पाहिलेले नाही ते ‘पाहिले’ असे लिहून देता कामा नये.

विसार पावती, साठेखत आणि खरेदीखत

या तीन दस्तांमध्ये अनेकांचा गोंधळ होतो.

विसार पावती : व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेल्या रकमेची ही पावती. ती साध्या कागदावर घाईने लिहिली जाते आणि वाद बहुतेक तिच्यावरूनच होतात. खरेदीदाराने व्यवहार मोडल्यास विसाराची रक्कम जप्त करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केले. मात्र ती रक्कम करार पाळला जाण्याची हमी म्हणून दिलेली असली पाहिजे आणि करारात तशी अट असली पाहिजे. केवळ किमतीचा एक भाग म्हणून आगाऊ दिलेल्या रकमेला हा नियम लागू होत नाही. म्हणून पावतीवर रक्कम कोणत्या स्वरूपाची आहे ते लिहावे, आणि पुढील तीन प्रसंगी ती पूर्ण परत मिळेल असे नमूद करावे : मालकी हक्क निर्वेध नसल्यास, बँकेने मिळकतीच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास आणि अभियंत्याच्या पाहणीत गंभीर दोष आढळल्यास. या अटींसाठी तीन-चार आठवड्यांची मुदत मागण्यात काहीच गैर नाही. ही रक्कम रोखीने देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१५ पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे.

साठेखत : अमुक अटींवर, अमुक मुदतीत विक्री करण्याचा हा करार. केवळ विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्टपणे सांगते. करार पाळून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क मात्र मिळतो. २०१८ मधील दुरुस्तीनंतर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याखाली हा उपाय अधिक भक्कम झाला आहे. करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो.

खरेदीखत : मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित करणारा हा दस्त. तो नोंदवावाच लागतो. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे सादर करावा, असे नोंदणी कायदा, १९०८ सांगतो. केवळ कुलमुखत्यारपत्र आणि करार यांच्या आधारे ‘विकलेल्या’ मिळकतीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. नोंदणीच्या खर्चात बचत म्हणून कोणी असा मार्ग सुचवला, तर तो तत्काळ नाकारावा.

महाराष्ट्रात ताबा देण्याची अट असलेल्या साठेखतावरच पूर्ण मुद्रांक शुल्क आकारले जाते. मुंबईत हा दर ६ टक्के आहे. खरेदीदार केवळ महिला असल्यास निवासी सदनिकेसाठी १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्काची आकारणी करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील किंमत यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर होते. उदाहरणार्थ, मुंबईतील ८० लाख रुपयांच्या सदनिकेसाठी ४ लाख ८० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क भरावे लागेल. व्यवहार पुढे मोडला तर ही रक्कम सहजासहजी परत मिळत नाही. तेव्हा पाहणी साठेखतापूर्वीच झाली पाहिजे.

कागदपत्रांची तपासणी

मालकीची साखळी : बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सर्व मूळ दस्त सलग हवेत. प्रत्येक दस्त नोंदवलेला असावा आणि त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरलेले असावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ‘ई-सर्च’ सुविधेतून सूची क्रमांक २ पाहता येते. तरीही वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेण्याची पद्धत सोडू नये. कर्ज देणारी बँक स्वतःचा शोध घेते, पण तो तिच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. आपला वकील वेगळा असावा.

वारसा आणि नामनिर्देशन : मूळ मालक हयात नसेल तर विशेष सावध राहावे. संस्थेच्या दप्तरी ज्याचे नामनिर्देशन आहे, तो त्यामुळे मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील इंद्राणी वाही प्रकरणातील निकालानुसार संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हस्तांतरण करावे, पण वारसांचा मालकीबाबत दाद मागण्याचा हक्क अबाधित राहतो. तेव्हा सर्व वारसांच्या सह्या किंवा त्यांची नोंदवलेली हक्कसोडपत्रे मागावीत. अज्ञान मुलाच्या नावे हिस्सा असल्यास न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो, तो वकिलाकडून आधी सोडवून घ्यावा.

बोजा : मूळ दस्त दाखवण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ते बँकेकडे गहाण असण्याची शक्यता असते. गहाणांची माहिती ‘सरसाई’ या २०११ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय नोंदवहीत शुल्क भरून मिळते. कर्ज शिल्लक असेल तर बँकेकडून थकीत रकमेचे पत्र घ्यावे आणि किमतीतील तेवढी रक्कम थेट त्या कर्ज खात्यात भरण्याची तरतूद करावी.

भोगवटा प्रमाणपत्र : इमारत मंजूर आराखड्यानुसार बांधली असून राहण्यास योग्य आहे, असे महापालिकेचे हे प्रमाणपत्र. लोक वर्षानुवर्षे राहात आहेत, कर भरत आहेत, वीज आहे, म्हणजे सर्व ठीक असणार, हा समज घातक आहे. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातील इमारतींना पाच मजल्यांची परवानगी असताना त्याहून कितीतरी अधिक मजले चढवले गेले. तेथे कुटुंबे वीस-पंचवीस वर्षे राहिली, परंतु भोगवटा प्रमाणपत्र नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि जून २०१४ मध्ये तेथील रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यांनी पैसे मोजले होते आणि करारही केले होते. एका प्रमाणपत्राचा अभाव त्यांना भोवला.

संस्थेची कागदपत्रे : भाग प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावे आहे का, देखभाल खर्चाची थकबाकी नाही ना, जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे का, हे विचारावे. गेल्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते अवश्य वाचावीत. मोठ्या दुरुस्तीचा किंवा पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर तो तेथेच दिसतो. महापालिका क्षेत्रात संस्थेला हस्तांतरण अधिमूल्य म्हणून २५,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली होणारी मागणीही नियमबाह्य ठरते.

वाहनतळ : बिल्डरला पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे ‘पार्किंगसह’ या शब्दांवर न विसंबता संस्थेने ती जागा विक्रेत्याला दिल्याचे पत्र आणि सदस्य बदलल्यावर ती कायम राहते का, हे पाहावे.

ताबा कोणाकडे आहे? : सदनिकेत भाडेकरू किंवा नातेवाईक राहात असेल तर त्याच्या हक्कांची आपल्याला माहिती होती, असेच कायदा मानतो. ‘तो जाईल हो महिन्याभरात’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

सदनिकेची प्रत्यक्ष पाहणी

सदनिका किमान दोनदा पाहावी, एकदा भर दिवसा आणि एकदा पाणी येण्याच्या वेळी. शक्य असेल तर पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात रंगवलेली भिंत सारे काही लपवते. सोबत मोजपट्टी, विजेरी आणि मंजूर आराखड्याची प्रत असावी. पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

ओल आणि गळती : बाहेरच्या भिंती, खिडक्यांचे वरचे कोपरे, न्हाणीघराला लागून असलेली भिंत येथे फुगलेले प्लॅस्टर, पांढरे क्षार, सुटलेला रंग दिसतो का? सर्व घर जुन्या रंगाचे आणि एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल तर कारण विचारावे. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखालील छत पाहावे. शक्य असल्यास खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडेही चौकशी करावी, कारण आपल्या न्हाणीघरातून त्यांच्याकडे होणारी गळती ही खरेदीनंतर आपली जबाबदारी ठरते. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार संस्थेने करायची असते.

तडे : प्लॅस्टरवरील केसासारखे बारीक तडे फारसे गंभीर नसतात. तुळई किंवा खांबाच्या लांबीला समांतर गेलेला तडा मात्र आतील लोखंडी सळई गंजून फुगल्याची खूण असू शकते. सिमेंटचे पोपडे पडून सळया उघड्या दिसत असतील, तर अभियंत्याच्या मताशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

अंतर्गत बदल : भिंत काढून टाकलेली, स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर हलवलेले, गॅलरी खोलीत घेतलेली असेल तर ते मंजूर आराखड्याशी ताडून पाहावे. अनधिकृत बदलाची नोटीस पुढे नव्या मालकाच्या हाती पडते.

क्षेत्रफळ : चटई क्षेत्र स्वतः मोजावे आणि दस्तातील आकड्याशी जुळवावे. ‘सुपर बिल्टअप’च्या आकड्यावर किंमत ठरवू नये.

पाणी आणि वीज : सर्व नळ एकाच वेळी सोडून दाब पाहावा, न्हाणीघरात पाणी ओतून ते किती वेळात जाते ते पाहावे, विजेचे मीटर कोणाच्या नावे आहे आणि देयक थकलेले नाही ना, हे तपासावे.

इमारतीचे आरोग्य

सदनिका आतून कितीही सजवलेली असली तरी ती इमारतीपेक्षा अधिक टिकत नाही. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करून घ्यावयाचे असते. हा अहवाल संस्थेकडे मागावा. मुंबईत इमारतींचे वर्गीकरण ‘सी-१’ ते ‘सी-३’ असे केले जाते. ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी अतिधोकादायक इमारत, ‘सी-२ए’ मध्ये मोठी दुरुस्ती आणि काही भाग रिकामा करणे आवश्यक असते, ‘सी-२बी’ मध्ये इमारत रिकामी न करता दुरुस्ती करता येते, तर ‘सी-३’ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. अहवालच नसेल तर स्वखर्चाने अभियंता न्यावा. त्याचे शुल्क सदनिकेच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते, आणि त्याचा लेखी अहवाल किमतीच्या वाटाघाटीतही उपयोगी पडतो.

करारनाम्यात काय असावे?

मसुदा नोंदणीच्या किमान आठ दिवस आधी हाती घ्यावा, सावकाश वाचावा आणि पुढील मुद्दे त्यात आहेत याची खात्री करावी.

१. सदनिकेचे पूर्ण वर्णन, चटई क्षेत्र, पार्किंग, आणि सोबत मिळणाऱ्या पंखे-कपाटांची यादी.
२. रक्कम कोणत्या टप्प्यावर किती द्यावयाची आणि प्रत्येक टप्प्याला विक्रेत्याने काय पूर्ण करावयाचे.
३. मालकी निर्वेध असल्याची हमी आणि दावा उद्भवल्यास नुकसानभरपाईचे कलम.
४. पाहणीत आढळलेले दोष, ते कोणी, किती दिवसांत दुरुस्त करावयाचे आणि न केल्यास किमतीतून किती रक्कम वजा होईल.
५. ताब्याच्या तारखेपर्यंतची सर्व देयके, तसेच त्याआधी मंजूर झालेल्या दुरुस्ती निधीची वर्गणी विक्रेत्याने भरण्याची अट.
६. ताबा देण्याची निश्चित तारीख, विलंबासाठी भरपाई आणि ताब्याच्या दिवशी पुन्हा पाहणी करण्याचा हक्क.
७. बँकेने कर्ज नाकारल्यास होणारा परिणाम.

‘आहे त्या स्थितीत’ हे वाक्य विक्रेता काढण्यास तयार नसेल, तर त्यापुढे ‘परिशिष्टात नमूद केलेल्या बाबी वगळून’ एवढे शब्द घालून घ्यावेत. सदनिकेची किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का कर कापून सरकारकडे भरावयाचा असतो, हेही करारात लिहावे. वरील उदाहरणात ही रक्कम ८० हजार रुपये होईल. विक्रेता परदेशस्थ असल्यास मात्र हा नियम लागू नसून करकपात वेगळ्या व अधिक दराने होते. अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेल्या मुलाच्या नावे पुण्यात असलेली सदनिका घेताना हा मुद्दा हमखास दुर्लक्षित राहतो आणि दायित्व खरेदीदारावर येते.

सर्व तपासणी झाल्यावर वृत्तपत्रांतून जाहीर नोटीस द्यावी. साधारणपणे सात ते पंधरा दिवसांची मुदत दिली जाते.

विक्रेत्यानेही जपावे

दोष सांगितला तर गिऱ्हाईक जाईल, अशी विक्रेत्यांना भीती वाटते. प्रत्यक्षात लेखी सांगितलेला दोष हे विक्रेत्याचे सर्वांत चांगले संरक्षण आहे. गळती, दुरुस्तीचा ठराव, संस्थेशी चाललेला वाद या गोष्टी परिशिष्टात नमूद करून खरेदीदाराची सही घेतली, तर पुढे कपटाचा आरोप टिकत नाही. पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नये. नोंदवलेल्या कराराच्या आधारे ताबा मिळालेल्या खरेदीदाराला बाहेर काढणे कठीण असते. मूळ दस्त केवळ पाहण्यासाठी द्यावेत आणि त्यांची पोच घ्यावी.

नवी सदनिका असेल तर

बिल्डरकडून घ्यावयाच्या सदनिकेला स्थावर संपदा कायदा, २०१६ म्हणजे ‘रेरा’चे संरक्षण आहे. नोंदवलेला करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे. ही सदनिका पाच वर्षांच्या आत पुन्हा विकली गेली, तर नवा खरेदीदारही कायद्याच्या व्याख्येत बसतो. तेव्हा अशा पुनर्विक्रीत मूळ ताबापत्राची प्रत अवश्य घ्यावी. जुन्या इमारतीतील सदनिकेला असे कोणतेही छत्र नाही. तेथे खरेदीदाराचे डोळे, त्याने नेलेला अभियंता आणि त्याच्या वकिलाने तपासलेला करार हेच त्याचे संरक्षण.

व्यवहारात घाई नेहमी दुसऱ्याची असते. दलालाला कमिशनची, विक्रेत्याला पुढच्या घराची. ‘आज सही केली नाही तर दुसरा तयार आहे’ असे सांगितले गेले तर खुशाल त्याला जाऊ द्यावे. शहरात सदनिका पुन्हा मिळतात. चुकीच्या सदनिकेसाठी काढलेले कर्ज मात्र वीस वर्षे फेडावेच लागते.